पीडीएफ झाली म्हणजे दप्तर लागलं असं नाही

‘फॉर्म म्हणजे शेवटी एक डॉक्युमेंटच. भरला, पीडीएफ झाली, सिस्टममध्ये पडली, विषय संपला.’ नगरपालिकेच्या बैठकीत, सहकारी बँकेच्या संचालक मंडळासमोर, कॉलेजच्या कार्यालयात हे वाक्य इतक्या बिनधास्तपणे बोललं जातं की ते खोडून काढावं असं कुणाला वाटतच नाही. विकणारा ते म्हणतो, कारण त्याला डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टम खपवायची असते. घेणारा साहेब मान डोलावतो, कारण ‘कार्यालय पेपरलेस झाले’ असा अहवाल त्याला वर धाडायचा असतो. दोघांचंही भागतं. दहा वर्षांनी त्याच फॉर्मच्या आधारावर ज्याला आपला हक्क शाबीत करायचा असतो, त्याचं मात्र भागत नाही.

ई-फॉर्मला डॉक्युमेंट समजणं हीच मूळ चूक आहे, असं माझं म्हणणं आहे. पत्र, ठराव, नकाशा ही स्वतःपुरती पूर्ण असतात. फॉर्ममध्ये एका बाजूला विचारणारा असतो, दुसऱ्या बाजूला सांगणारा, आणि दोघांचं बोलणं एकत्र ठेवलं तरच त्याला अर्थ असतो. नुसती भरलेली उत्तरं जपणारी यंत्रणा म्हणजे प्रश्नपत्रिका रद्दीत घालून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणारं परीक्षा मंडळ.

यावर लगेच उत्तर येतं: ‘अहो, पीडीएफवर प्रश्नही छापलेला असतोच की!’ असतो, पण कुठला प्रश्न? बहुतेक ठिकाणी अर्जदाराने ‘सबमिट’ दाबलं तेव्हाची प्रत कुठेही ठेवलेली नसते. ठेवलेली असतात ती डेटाबेसच्या रकान्यांतली उत्तरं. पुढे कधीतरी कुणी ‘प्रत डाउनलोड करा’ दाबलं की त्या क्षणी आजच्या साच्यात तेव्हाची उत्तरं ओतली जातात आणि ताजी पीडीएफ बाहेर पडते. वर शिक्का, खाली क्यूआर कोड, दिसायला अगदी अस्सल. मधल्या काळात साचा बदलला असेल तर ही प्रत खोटं बोलते, आणि ते खोटं उघड्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

एका छोट्या शहरात पाहिलेला प्रकार सांगतो. नळजोडणीच्या ऑनलाइन अर्जात ‘जागेशी संबंध’ असा एक रकाना होता. यादीत तीन पर्याय: मालक, भाडेकरू, वारस. आत साठवले जात ते फक्त आकडे, १, २ आणि ३. पुढे बाजारपेठेतल्या जोडण्यांसाठी ‘गाळेधारक’ हा पर्याय हवा झाला. ऑपरेटरने तो मालकाच्या खालोखाल टाकला, कारण तिथे तो शोभून दिसत होता. यादीचे क्रमांक आपोआप पुढे सरकले. त्या दिवसापासून जुने सगळे भाडेकरू छापील प्रतीवर गाळेधारक झाले आणि वारस झाले भाडेकरू. व्यापारी दराच्या नोटिसा हातात पडल्यावर लोक आरडाओरडा करत आले, तेव्हा कुठे ही भानगड उजेडात आली. गंमत म्हणजे ऑडिट ट्रेल स्वच्छ! एकाही अर्जाला कुणी हात लावलेला नव्हता. बदल साच्यात झाला होता, आणि साच्याचा इतिहास ठेवायचा असतो हे त्या यंत्रणेला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला दोषी धरावं असा ऑपरेटरही नाही. दहा मिनिटांचं काम म्हणून त्याला तोंडी सांगण्यात आलं होतं आणि त्याने ते दहा मिनिटांत केलं होतं.

‘दहा मिनिटांचं काम’ हा या पंथाचा आवडता युक्तिवाद. ई-फॉर्मचा फायदाच तो, म्हणतात. छापखान्यात जायला नको, जुने फॉर्म संपायची वाट पाहायला नको, रकाना वाढवा की सुरू. हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण छापखान्याच्या त्या अडचणीत एक शिस्त लपलेली होती. नवा फॉर्म छापायचा तर नमुना मंजूर व्हावा लागे, त्याला क्रमांक पडे, अंमल कधीपासून ते ठरे, आणि जुन्या नमुन्यावर आलेला अर्ज हातात घेतला तरी तो जुना असल्याचं दिसे. अडचण गेली, बरं झालं. तिच्याबरोबर शिस्तही गेली, आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

ही शिस्त परदेशातून आणायची गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने तलाठ्याचं दप्तर उघडावं. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महसुली लेख्यांच्या नियमपुस्तिकेतून गाव नमुन्यांची जी रचना आपल्याकडे रुळली, ती म्हणजे फॉर्म सांभाळण्याचा वस्तुपाठ आहे. एक ते एकवीस नमुने, प्रत्येकाचं काम ठरलेलं. सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन, बारा म्हणजे पिकं. सात आणि बारा एका कागदावर आले आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असलेला सातबारा झाला.

आता त्या सातबाऱ्यावरची एकच गोष्ट जवळून पाहा. जमीन विकली गेली की आधीच्या मालकाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव वाचता येतं, फक्त ते आता चालू नाही हे कळतं. नव्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. तो धरून नमुना सहाकडे जायचं, की खरेदीखत कधीचं, नोटीस कुणाला गेली, हरकत आली का, मंडळ अधिकाऱ्याने नोंद कधी प्रमाणित केली, हे सगळं हाताशी. म्हणजे आधीची स्थिती जपलेली, बदलाचं कारण वेगळ्या नमुन्यात नोंदलेलं, दोघांमध्ये दुवा, आणि बदल करणारा व मान्य करणारा हे दोन वेगळे हात. सॉफ्टवेअरवाले ज्याला व्हर्जन हिस्टरी, ऑडिट ट्रेल आणि मेकर-चेकर म्हणतात आणि ज्याचे वेगळे पैसे लावतात, ते सगळं शाईच्या दौतीवर चालत होतं. (भ्रष्टाचारही चालत होता, हे मान्य. पण तो शोधायचा म्हटलं तर कंस आणि वर्तुळ होतं. तपास करणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक होतं.)

या रचनेचं संगणकीकरण झालं तेव्हा काय घडलं, तेही विसरण्यासारखं नाही. हस्तलिखित सातबारा आणि पडद्यावरचा सातबारा यांत तफावती निघाल्या. कुठे क्षेत्र जुळेना, कुठे नाव गळालं, कुठे इतर हक्कातला बोजा दिसेना. त्या पकडायला गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं. दुरुस्तीसाठी एडिट, मग री-एडिट अशी मॉड्यूल द्यावी लागली. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचे आदेश निघत राहिले. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो, ई-फेरफार चालतो, १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवतो. हे काम मोठं आहे आणि ते निभावलं, कारण मागे नमुन्यांची भक्कम चौकट होती. तुलना करायला मूळ होतं. आता कल्पना करा, अशाच तफावती जन्मापासून ऑनलाइन असलेल्या अर्जात निघाल्या तर चावडीवर वाचायचं काय? तिथे दुसरी प्रतच नाही.

दुसरा दावा असा की पीडीएफ कायमची असते. तो करणाऱ्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जुन्या ई-फॉर्मशी झुंजलेल्या कुठल्याही सीएला विचारावं. २००६ मध्ये एमसीए-२१ सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं कंपन्यांची विवरणपत्रं ज्या पीडीएफ फॉर्मवर भरली गेली, ती साधी पीडीएफ नव्हती. आत एक्सएफए नावाचं, चालतंबोलतं फॉर्मचं तंत्र होतं. असा फॉर्म एका ठरावीक कंपनीच्या वाचकात उघडला तर उघडायचा. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर ‘कृपया थांबा’ अशा अर्थाचं एक इंग्रजी पान दिसायचं आणि माणूस थांबूनच राहायचा. फाइल शाबूत, नाव पीडीएफ, आणि वाचायला काही नाही. २०१७ मध्ये आलेल्या पीडीएफ २.० मानकाने एक्सएफए कालबाह्य ठरवलं. मंत्रालयही २०२२ पासून टप्प्याटप्प्याने वेब फॉर्मकडे वळलं.

मायक्रोसॉफ्टच्या इन्फोपाथची कथा तर याहून बोलकी आहे, आणि ती आपल्याकडच्या कितीतरी खासगी कंपन्यांनी भोगलेली आहे. २००३ मध्ये आलेलं हे साधन रजेच्या अर्जापासून खरेदीच्या मंजुरीपर्यंत सगळ्याला वापरलं गेलं. भरलेला फॉर्म एका एक्सएमएल फाइलमध्ये साठायचा आणि फॉर्मचा साचा वेगळ्या फाइलमध्ये. एक्सएमएलच्या डोक्यावर साचा कुठे आहे त्याचा पत्ता. सर्व्हर बदलला, साइटचं नाव बदललं, साचा कुणीतरी ‘जुना’ म्हणून काढून टाकला, की भरलेल्या हजारो फॉर्मना घर सापडेना. उत्तरं होती, पण कोनदार कंसांच्या जंगलात. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०१३ ची आवृत्ती शेवटची. त्यानंतर ज्यांनी साचे क्रमांक लावून सांभाळले होते त्यांचं स्थलांतर झालं. बाकीच्यांनी ‘तितकं महत्त्वाचं नव्हतं’ अशी स्वतःची समजूत काढली.

‘पण कायद्याला तर पीडीएफ चालते ना?’ या प्रश्नात अर्धंच सत्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याला मान्यता देतं, पण अटींवर. माहिती पुढे केव्हाही पाहता आली पाहिजे. ती मूळ ज्या स्वरूपात तयार झाली, पाठवली किंवा मिळाली त्याच स्वरूपात असली पाहिजे, नाहीतर मूळ माहिती अचूक दाखवते असं सिद्ध करता येईल अशा स्वरूपात. आणि ती कुठून आली, कुठे गेली, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे सांगणारा तपशील सोबत हवा. आजच्या साच्यात ओतलेली कालची उत्तरं या दुसऱ्या अटीवर कशी टिकणार, हे मला कुणीतरी समजावून द्यावं.

वेळेच्या तपशिलावर तर आपल्या जालन्यातूनच एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ ची विधानसभा निवडणूक. उमेदवारी अर्ज देण्याची शेवटची मुदत २७ सप्टेंबर, दुपारी ३ वाजता. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलाश गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. मुख्य वाद: विजयी उमेदवाराचे अर्ज मुदतीत आले की मुदत टळल्यावर? कागदी अर्जावर याचं निर्विवाद उत्तर नव्हतं. उत्तर होतं निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणात. त्या चित्रणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवं होतं, ते यंत्रणेकडे पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना दंडक घालून दिला: मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक प्रतीला प्रमाणपत्र सक्तीचं. जालन्याच्या प्रकरणात इतर पुरावा भक्कम होता म्हणून निभावलं. तुमच्या-माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी तो असेलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही तरतूद पुढे चालवली आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात अभिलेखाचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. ज्या यंत्रणेत प्रत दर वेळी नव्याने तयार होते, तिथे ठसा घ्यायचा कशाचा?

वेळेचा हाच प्रश्न रोजच्या कामात ‘त्रुटी’ या नावाने समोर येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली सेवेला मुदत आहे, पण ती मोजायची परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणून अर्ज परत पाठवणं हा हिशेबाला वळण देणारा प्रसंग आहे. चांगल्या यंत्रणेत तो स्वतंत्र नोंद होऊन बसतो: कुणी परत पाठवला, कोणत्या कागदासाठी, अर्जदाराने काय बदलून पुन्हा दिलं. वाईट यंत्रणेत दुरुस्त अर्ज आधीच्या अर्जावर चढतो, तारीख नवी पडते, आणि मधले दोन महिने कुणाच्याच खात्यावर राहत नाहीत. अर्जदार सांगत राहतो की तोच दाखला मी पहिल्यांदाही जोडला होता. पडदा त्याला खोटा पाडतो.

साठवणुकीबद्दल फार बोलत नाही. ‘जागा स्वस्त आहे, सगळं कायमचं ठेवा’ हे धोरण नव्हे, धोरण न ठरवण्याची ती सबब आहे. आपल्या कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड वर्गवारी आहे. ‘अ’ कायम जपायचा आणि ‘ड’ काम संपल्यावर लवकर नष्ट करायचा, हे प्रत्येक जुन्या अभिलेखापालाला माहीत असतं. त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम सांगतो की उद्देश संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणं भाग नसेल तर माहिती मिटवा. व्यायामशाळेच्या सदस्यत्वाच्या अर्जाला जोडलेलं आधार कार्ड वीस वर्षं कशासाठी हवंय?

या सगळ्यावर ‘मग कागदच बरा होता’ म्हणणारे आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, कारण ते ज्या कागदाची आठवण काढतात त्याला वाळवी लागत होती आणि साहेब रजेवर असला की तो कपाटात कुलूपबंद होत होता. गावाकडून तालुक्याला चार खेपा घालणाऱ्या बाईला ऑनलाइन अर्जाने दिलेला दिलासा खरा आहे. तो दिलासा टिकावा म्हणूनच हा वाद.

एक हरकत मात्र मी गंभीरपणे घेतो. एवढं सगळं छोट्या कार्यालयांना झेपणार कसं? दोन कारकून, एक ऑपरेटर, वीज जाऊन-येऊन. त्यांनी साच्यांच्या आवृत्त्या सांभाळायच्या की लोकांची कामं करायची? हरकत रास्त आहे, पण तिच्यातलं एक गृहीतक कच्चं आहे. छोट्या कार्यालयांना फॉर्म सांभाळता येत नाहीत असं कुणी सांगितलं? ग्रामपंचायतीचा हिशेब आजही नमुना १ ते ३३ वर चालतो. नमुना ८ म्हटलं की कर आकारणीची नोंदवही, हे शिपायालाही ठाऊक असतं. जी माणसं तेहतीस नमुने क्रमांकानिशी सांभाळतात त्यांना आपले दहा-बारा ऑनलाइन फॉर्म सांभाळता येणार नाहीत, असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना यंत्रणेने फॉर्मचा क्रमांकच दिलेला नाही, ही खरी अडचण. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक ई-फॉर्मच्या तळाशी क्रमांक, आवृत्ती आणि अंमलाची तारीख टाकायची. साचा कुणाच्या लेखी मंजुरीने बदलला ते एका नोंदवहीत लिहायचं. वही साधी असली तरी चालेल. यादीतला पर्याय बंद करायचा तर त्याला कंस करायचा, त्याचा आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही. उत्तरासोबत त्या दिवशीचा प्रश्नही शब्दशः साठवायचा. आणि ‘सबमिट’च्या क्षणी एक प्रत गोठवून ठेवायची, शक्यतो दीर्घकाळ जपण्यासाठीच २००५ मध्ये ठरलेल्या पीडीएफ/ए मानकात. काही लाखांच्या कंत्राटात हे बसत नसेल तर त्या कंत्राटात नेमकं काय बसलं होतं, हे लेखापरीक्षकाने विचारायला हवं.

विक्रेता सादरीकरणाला येईल तेव्हा त्याला आलेख दाखवू देऊ नका. एवढंच सांगा: एक अर्ज भर, मग फॉर्ममधला एक रकाना बदल, एक पर्याय काढ, घोषणापत्राचं वाक्य बदल, आणि आता तो पहिला अर्ज भरणाऱ्याला त्या वेळी जसा दिसला होता तसा पडद्यावर आण. सोबत हॅश दाखव, आणि साचा कुणी कधी बदलला तेही. जो हे तिथल्या तिथे करून दाखवेल त्याच्याशी दराची बोलणी करावीत. जो ‘पुढच्या रिलीजमध्ये येतंय’ म्हणेल त्याला चहा द्यावा आणि निविदेचा कागद, माफ करा, निविदेची पीडीएफ, परत करावी.